दर्याचा तळ आणि दुपारचा तास

आमच्या पेठेत तोंडानं सांगितलेलं पोहणं कुणी मानायचं नाही. विहिरीचा तळ गाठला असं म्हणणाऱ्यानं वर येऊन मूठ उघडायची. मुठीत गाळ असला तर पठ्ठ्या खरंच खाली गेला होता, नसला तर नुसत्या बाता. ‘तळ आणणे’ म्हणायचे त्याला. पैलवान असो, नाहीतर साहेबाचा पोरगा असो, वस्ताद पायरीवर बसून एकच शब्द बोलायचे, "तळ?" की हात पुढं. कुणाच्या नुसत्या शब्दावर त्या माणसानं कधी विश्वास ठेवलेला मी पाहिला नव्हता.

वस्ताद म्हणजे आमच्या तालमीचे वस्ताद. कोल्हापूरच्या बाहेर, पंचगंगेच्या अलीकडं त्यांचा उसाचा मळा होता आणि मळ्यात दगडी पायऱ्यांची मोठी विहीर. निम्मी पेठ तिथं पोहायला शिकलेली. पाणी गोड, थंडगार, उन्हाळ्यातसुद्धा दोन पुरुष खोल. मी लग्न होऊन ह्या पेठेत आले तेव्हा त्या विहिरीत बायका फक्त गोधड्या धुवायला यायच्या. वरच्या पायऱ्यांवर बसायचं, बडवायचं, पिळायचं, घरी जायचं. पाण्यात उतरायचं नाव नाही.

माझं माहेर कुरुंदवाडचं. कृष्णा आणि पंचगंगा जिथं गळ्यात गळा घालतात तिथं जन्मलेल्या पोरीला पोहायला शिकवावं लागत नाही, तिला पाण्यातनं बाहेर काढावं लागतं. पहिल्याच उन्हाळ्यात गोधडी हातातनं सुटली आणि मी तिच्यामागं सरळ सूर मारला. वर आले तर बायका किंचाळताहेत. मी म्हटलं, "बोंबलताय कशाला? मी काय बुडायला गेलतो व्हय?" (आमच्याकडं बायकासुद्धा ‘मी गेलतो, मी आलो’ असंच बोलतात. पुण्याच्या पाहुण्या हसायच्या. हसू देत.)

तिथनं सुरू झालं. दुपारी बाराला गडीमाणसं जेवायला घरी जायची, जेवून लवंडायची, तेवढा तास विहीर रिकामी. तो आमचा झाला. कंबरेला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, नऊवारीचा काचा मारायचा आणि उतरायचं. शेजारची भाभी तर सगळ्यात भित्री, तिच्या मालकाचं सायकलीचं दुकान होतं आणि ती म्हणायची, "माझ्या कंबरेला डबा नको, ट्यूब बांध." दुसऱ्या उन्हाळ्यात तीच भाभी उताणी पाण्यावर पडून माझ्याशी गप्पा मारायला लागली. किती बायका शिकल्या म्हणून सांगू! घरात दिवसभर ज्यांचा आवाज ऐकू यायचा नाही, त्या तिथं असल्या हसायच्या की उसातले बगळे उडायचे. तो एक तास सोडला तर दिवसातलं दुसरं काहीच त्यांचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि त्या तासावर तालमीच्या पोरांचा डोळा पडला.

ऐंशी सालाच्या आगेमागची गोष्ट. पोरांना नदीतल्या शर्यतीची तयारी करायची होती. बाराच्या उन्हात विहिरीच्या तळापर्यंत उजेड जातो, बुडीच्या सरावाला तीच वेळ बरी, असं त्यांनी वस्तादांच्या गळी उतरवलं. वस्तादांनी होय म्हणून टाकलं. आम्हाला कुणी विचारलं? विचारायचं कशाला, आम्ही गोधड्यावाल्या.

मी तडक मळ्यात गेले. तोंड म्हणजे तोफखाना, हे माझ्या सासूचं माझ्याबद्दलचं मत होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

"वस्ताद, पोरांना सकाळ हाय, संध्याकाळ हाय. आमचा तेवढा एक तास का काढून घेताय?"

"सूनबाई," ते म्हणाले, "पोरं सराव करत्यात. तुमचं काय, डुंबायचं. डुंबायला कवाबी येतंय की."

"डुंबायचं? मी ह्याच विहिरीचा तळ आणलेला हाय."

"विहिरीचा." वस्ताद हसले. "येत्या महिन्यात तालमीची सहल मालवणला चालली हाय. दर्यात तळ आणून दाखीव. आणलास तर तास तुमचा, जल्मभर. न्हाईतर पाडव्यापासनं पोरांचा."

"ठरलं," मी म्हणाले. एक घाव दोन तुकडे. घरी येऊन भाभीला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तू समुद्र बघितलायस का कधी?"

नव्हता बघितला. तिनंही नव्हता. मी म्हटलं, पाणी ते पाणी.

एस.टी.ची आख्खी गाडी ठरवली होती. राधानगरीवरनं फोंडा घाट उतरलो तशी हवा चिकट झाली आणि भाभीनं डोकं खिडकीबाहेर काढलं ते मालवण येईपर्यंत आत घेतलं नाही. समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा गाडीत सगळे ओरडले. मला तो फारच मोठा वाटला, खोटं कशाला बोलू. एवढ्या पाण्याचा तळ आणायचा म्हणजे कुठनं सुरुवात करायची, हेच कळेना.

धक्क्यावर आमच्या पुढ्यात तीन मालवणी होडीवाले होते, तिघांच्या तीन बोटी. पहिली मोठी लाँच, वर छप्पर, बसायला बाकं. किल्ल्याला वळसा घालून आणणार, कुणाच्या पायाला पाणी लागणार नाही. वस्ताद लगेच म्हणाले, "बायका लाँचमध्ये. गडी होडीत."

"पैज लावताना बाई चालली, मग होडीत का चालंना?" मी विचारलं. वस्तादांनी मिशीवरनं हात फिरवला आणि दुसरीकडं बघितलं. बाकीच्या बायका खुशीनं लाँचमध्ये चढल्या. भाभी माझा पदर धरून माझ्या मागंच उभी राहिली.

दुसरा होडीवाला तरणा, तोंडाचा गोड. किल्ल्याच्या मागच्या बाजूला पाण्याखाली प्रवाळाची मोठी बाग आहे म्हणाला, तिथं नेतो, वीस जण असू देत नाहीतर पंचवीस, सगळ्यांना कोंबतो, म्हणाल तिथं उड्या मारा. आणि होडीतनं एक टोपली काढून दाखवली. टोपलीत पांढऱ्या फटक प्रवाळाच्या फांद्या, वाळलेल्या, हरणाच्या शिंगांसारख्या. "तुमकांय फोडून देतंय. घरात ठेवा शोभेक."

आमचे मालक माझ्या कानाशी लागले. "अगं, ह्याच्याच होडीत बस. बुडी मार, एक फांदी मोडून आण, वस्तादांचं तोंड बंद. तास तुमचा."

पटण्यासारखं होतं. पण मी लहानपणी वडिलांबरोबर म्हशीच्या बाजारात गेलेली बाई. म्हैस विकणारा कोण आहे ते आधी बघायचं, म्हैस मागनं. मी त्याला विचारलं, "पावणं, खाली गेलेला माणूस वर आला न्हाय, तर त्याच्यामागं कोण उडी मारणार?"

तो हसला. "असां काय होवचा नाय."

तिसरा होडीवाला खाली बसून जाळं विणत होता. आमच्याकडं बघतही नव्हता. मी जाऊन त्यालाही तेच विचारलं. त्यानं सुई बाजूला ठेवली आणि उलट मलाच प्रश्न सुरू केले. किती जणांना पोहता येतं? कुठं शिकलात? विहिरीत? मग दम किती आहे? कुणाला दमा, फेफरं? आठांपेक्षा जास्त माणसं घेणार नाही म्हणाला. एका वेळी एकच जण खाली जाणार, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर ठेवायची, नांगराच्या दोरापासनं लांब जायचं नाही. होडीतनं उड्या मारायच्या नाहीत, कडेला बसून हळूच उतरायचं.

"आणि एक," तो म्हणाला. "वाळू गावली तर घेवा. त्या प्रवाळाक हात लावू नकात, पाय ठेवू नकात. जिवंत आसा ता."

मालकांनी मला डोळ्यांनी खुणावलं, म्हणजे बघ, इथं काही मोडायला मिळायचं नाही. पोरं कुरकुरली, कसलं दर्यात जायचं नि हात बांधून बसायचं. पण माझं ठरलं. भाभी माझ्या भरवशावर आलेली होती. जो माणूस ‘नाही’ म्हणायला घाबरत नाही, त्याच्या हातात जीव द्यायला हरकत नाही. आणि वाळू म्हणजे तळच की. वाळू काय, मूठभर कुठंही मिळेल.

"ह्याचीच होडी," मी म्हणाले. "आणि पावणं, शब्द देतो. हात लावणार न्हाय."

वस्ताद म्हणाले, "बघ हां सूनबाई. मागनं सबब सांगायची न्हाय."

आठ जण झालो, बाकीचे गडी लाँचमध्ये गेले. वस्ताद, आम्ही दोघं, भाभी आणि तालमीची चार पोरं. किल्ल्याला वळसा घालून होडी थांबली तिथं पाणी असं नितळ होतं की खाली पिवळं, जांभळं, काय काय हलताना दिसत होतं. होडीवाल्याकडं डोळ्यांवर लावायचा रबरी चष्मा होता, समुद्राचा अभ्यास करायला आलेल्या लोकांनी त्याला दिलेला. एकच. पाळीपाळीनं वापरायचा.

पहिल्या पोरानं एवढं सांगूनसुद्धा मुटका मारलाच. विहिरीची सवय, पाय जुळवले की गुडघे पोटाशी आलेच. धपकन आवाज झाला, होडी हलली आणि होडीवाल्यानं मालवणीत जे काय तोंड सोडलं ते मला निम्मं कळलं नाही, पण निम्म्यातच पोट भरलं. पोरगं नाकातोंडात खारं पाणी जाऊन खोकत वर आलं. दुसऱ्या पोराला खालीच जाता येईना. तिसऱ्यालाही. विहिरीत दगडासारखी जाणारी पोरं इथं बुचासारखी वर येत होती. खाऱ्या पाण्यानं माणूस तरंगतो, हे आम्हा गोड्या पाण्याच्या लोकांना कुणी सांगितलं होतं? चौथ्यानं तर मग नादच सोडला.

माझी पाळी आली. वस्ताद समोर बसलेले, हाताची घडी. काचा आवळला, पदर कंबरेला खोचला, चष्मा लावला आणि उतरले. पहिल्या बुडीला माझीही तीच गत, अर्ध्यातनं परत. वर आले तर चारी पोरं फिदीफिदी. अंगाचा तिळपापड झाला. स्वतःला जमलं नाही आणि दात काढताहेत! भाभी होडीतनं ओरडली, "अगं, दोर धर दोर! रहाट नसला की कळशी कशी जाते आडात? दोरानंच की!"

खरंच की. छाती भरून घेतली, नांगराचा दोर धरला आणि एकेक हात खाली सरकत गेले. कान दुखायला लागले. दोन पुरुष पाणी असेल, आमच्या विहिरीएवढंच, पण विहिरीत खाली उजेड कमी होत जातो आणि इथं उजेड वाढल्यासारखा वाटत होता. खाली पोचले. आणि काय सांगू, हात कुठं घालावा हेच कळेना. पायाखाली, बाजूला, जिथं बघावं तिथं प्रवाळ. फांद्यांचे, कोबीच्या गड्ड्यांसारखे, काही नुसते गोल. वाळू फक्त नांगर पडला होता तिथं, फटीत, आणि तिथं माझा हात शिरत नव्हता. मी एका फांदीजवळ बोटं नेली. लावली नाहीत, जवळ नेली. माझ्या हातानं पाणी हललं तसे तिच्यावरचे बारीक बारीक तुरे लाजाळूच्या पानासारखे मिटले. सगळी फांदी डोळे मिटून घेतल्यासारखी दिसली. जित्तं होतं ते.

बोटभर तुकडा. कट् करून मोडला असता. तो घेऊन वर गेले असते की तास आमचा होता, भाभीचा होता, त्या सगळ्या हसणाऱ्या बायकांचा होता, जन्मभर. दम संपत आला होता आणि माझ्या डोक्यात तेवढंच घुमत होतं. पण मी शब्द दिला होता. आणि नुसता शब्दच नाही, जी वस्तू माझ्या हाताला भिऊन मिटते तिला मोडायला माझा हातच होईना. मी हात मागं घेतला आणि दोर सोडला. त्या हाताचा मला आजसुद्धा अभिमान आहे. मुलं झाली, मुलींना शिकवलं, घर बांधलं, पण कुणी विचारलं की तू आयुष्यात काय केलंस, तर मी आधी हे सांगेन.

वर आले. होडीची कड धरली. धाप लागलेली.

"तळ?" वस्तादांनी विचारलं.

मी हात पुढं केला. मोकळा.

पोरांनी एकच गलका केला. "पाडव्यापासनं बारा वाजता आम्ही!" एकजण म्हणाला. आमचे मालक खाली बघायला लागले. मला रडू आलं असतं, पण समुद्रात रडून कुणाला कळणार?

"मी तळाला गेलतो," मी म्हणाले. "पावण्यांनी वाळूच तेवढी घ्यायला सांगितलीती. वाळू फटीत हाय, हात जात न्हाय. बाकी समदं जित्तं हाय."

"असं सगळीच म्हणत्यात," वस्ताद म्हणाले. आणि सदरा काढायला लागले.

साठीचा माणूस. पोरं म्हणाली, वस्ताद, नको. त्यांनी ऐकलं नाही. चष्मा लावला, पावण्यांनी सांगितल्याबरहुकूम कडेला बसून हळूच उतरले, माझ्यासारखाच दोर धरला आणि गेले. आम्ही सगळे वाकून बघत होतो. त्यांच्या पाठीचा पांढरा ठिपका लहान होत गेला. बराच वेळ गेला. होडीवाला उभा राहिला, उडी मारायला कंबरेची लुंगी सोडायला लागला. तेवढ्यात वस्ताद वर आले. मूठ आवळलेली होती.

"आणला! वस्तादांनी आणला!" पोरं ओरडली.

वस्तादांनी मूठ उघडली. मोकळी.

त्या माणसाची मूठ मोकळी निघालेली कोल्हापुरात कुणी पाहिली नव्हती. शेवटी त्या मुटकेवाल्या पोरानं चाचरत विचारलं, "वस्ताद, तळ?"

"कुठं हात घालू रं?" वस्ताद म्हणाले. "समदं मिटलं की माझ्या हाताखाली. लेकराच्या डोळ्यावाणी."

मला राहवलं नाही. "वस्ताद, तुम्ही तळाला गेलता का न्हाय?"

"गेलतो की."

"मग तुमची मोकळी मूठ खरी, आणि माझीला पाडवा दाखवताय व्हय?"

भाभीनं मला चिमटा काढला. मालकांनी ‘बास’ म्हणून हात केला. वस्ताद होडीत चढले, अंग पुसलं, सदरा घातला. परतीच्या वाटेवर होडीत नाही की घाट चढताना गाडीत नाही, एक शब्द बोलले नाहीत. पोरं गाणी म्हणत होती. मी भांडायला तोंड उघडून बसलेली आणि भांडायला समोर कुणी नाही, ह्यासारखा छळ दुसरा नाही.

पाडवा झाला. दुसऱ्या दिवशी बाराला मी भाभीला घेऊन विहिरीवर गेले. म्हटलं, हाकलतील तर हाकलू देत, पण तोंडावर हाकलू देत. मळ्याच्या बांधावर पोरं जमलेली, टॉवेल खांद्यावर टाकून. आणि वाटेत मधोमध वस्ताद काठी आडवी धरून उभे.

"तास त्यांचा हाय," ते पोरांना म्हणाले. "संध्याकाळी या."

"पण वस्ताद, तिनं तळ आणला न्हवता!"

"ती गेलती," वस्ताद म्हणाले. "मी सांगतो न्हवं?"

पोरं पाय ओढत गेली. आम्ही पुढं निघालो तर वस्तादांच्या मागनं त्यांची कारभारीण पुढं झाली. काकू. तीस वर्षं त्याच विहिरीचं पाणी भरलेली, नवऱ्याच्या हाताखाली शेकडो पोरं पोहायला शिकताना बघितलेली, आणि स्वतः कधी तिसऱ्या पायरीच्या खाली न गेलेली बाई. काखेत पत्र्याचा डबा.

"ह्यांनी धाडलं म्हणून न्हाय आलो," ती मला ठणकावून म्हणाली. "माझ्या मनानं आलो. बांध हे."

डबा बांधला. काकू पायऱ्या उतरली, प्रत्येक पायरीवर देवाचं नाव घेत. पाणी छातीशी आलं तशी तिनं माझे दोन्ही दंड असे पकडले की वळ उठले. मी म्हटलं, "काकू, सोडा." ती म्हणाली, "सोडत न्हाय जा." आणि बोलता बोलताच तिचे पाय उचलले गेले. ती तरंगत होती, तिलाच पत्ता नव्हता. कळलं तेव्हा ती लहान पोरीसारखी ओरडली.

बायकांच्या तासाला गडीमाणूस विहिरीत डोकवायचं नाही, हा नेम. वस्ताद बांधापलीकडं उसात पाठ करून उभे होते. तिथनंच त्यांनी हाक मारली.

"सूनबाई! गेली का गं ती पाण्यात?"

मी वर बघितलं. काठावर कुणी नव्हतं, नुसता आवाज.

"गेली, वस्ताद!"

मी त्या ‘तळ?’ची वाट बघत राहिले. पुढं त्यांनी काहीच विचारलं नाही. "बरं," म्हणाले आणि पाटाचं दारं मोडून उसाला पाणी सोडायला निघून गेले.